कोटाला न शोभणारं घड्याळ

मी एक जुनं, जाडजूड, पोलादी मनगटी घड्याळ आहे. माझ्या काचेवर तीन चरे आहेत आणि मागच्या झाकणावर खाऱ्या पाण्याचे डाग. मला पाहून आजवर कुणी 'वा!' म्हटलेलं नाही. पण मित्रांनो, वेळ विचारायला सगळे माझ्याकडेच येत, त्यामुळे मी मनातल्या मनात बराच फुगलेला असे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईनं माझ्या पोटात चाकं बसवली, स्प्रिंग बसवली आणि एक छोटं अर्धगोल वजनही बसवलं. हात हलला की ते वजन फिरतं, आणि ते फिरलं की माझी स्प्रिंग आपोआप भरते. म्हणून मला रोज किल्ली द्यावी लागत नाही. माणूस कामात असला की मी चालतो. मला काढून ठेवलं, तर साधारण दीड दिवसानं मीही डोळे मिटतो. हा माझा स्वभाव ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा घोळ त्यावरूनच झाला.

दुकानात माझ्या शेजारी सोनेरी, नाजूक घड्याळं मांडलेली होती. गिऱ्हाइकं त्यांच्यापाशी थांबत आणि माझ्यावरून नुसती नजर फिरवत. एके दिवशी निळा, तेलकट सदरा घातलेला एक तरणाबांड माणूस आला आणि म्हणाला, "पाण्यात टिकेल असं द्या. दिसायला कसंही असलं तरी चालेल." हे ऐकून मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा! पण त्यानं मला मनगटावर बांधलं आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे झालो.

तो माणूस धक्क्यावर फेरीबोटीचा दोर सोडायचं काम करी. बोट सुटायच्या आधी पाच मिनिटं पहिली घंटा, बरोबर वेळेला दुसरी घंटा, आणि लगेच खुंटाचा दोर सुटायचा. कुणी कितीही हाका मारो, कुणाच्या हातात कितीही पिशव्या असोत, दोर थांबत नसे. लोक त्यांना मिनिटराव म्हणू लागले. आधी थट्टेनं, मग आदरानं. एकदा तर त्यांचा सख्खा मेहुणा बोटीत चढायला एक पाय उचलून उभा असताना दुसरी घंटा झाली. मिनिटरावांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि दोर सोडून दिला. "पाण्यावरून उडी मारायची नाही," एवढंच ते म्हणाले. मेहुणा अकरा वर्षं ती गोष्ट सांगत राहिला, आणि दर वेळी त्याचा पाय आणखी थोडा वर जात गेला.

असं एकोणतीस वर्षं आम्ही काम केलं. मग मिनिटरावांचा नोकरीतला शेवटचा दिवस ठरला, रविवार. त्या संध्याकाळी पाचच्या बोटीवर निरोपाचा समारंभ होता आणि ते पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसणार होते. मित्रांनो, या माणसानं हजारो वेळा पाचची बोट सोडली होती, पण स्वतः तिच्यात बसून मावळता सूर्य कधी पाहिला नव्हता. त्यांना तेवढीच एक हौस होती. दोर सोडणार होती त्यांच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली एक बाई. तिला सगळे ताई म्हणत. ती अबोल होती, पण कामाला वाघ.

समारंभासाठी कोट शिवायला टाकला. शिंप्यानं विचारलं, "डाव्या हातात कोणतं घड्याळ असणार? आतल्या शर्टाचा कफ त्या मापानं सैल ठेवतो." मिनिटरावांनी मला पुढे केलं. तेव्हा मेहुणा पुढे सरसावला. तो कपड्यांच्या दुकानात विक्रेता होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"दाजी, हा डबा कोटाखाली? कामावर जाड घड्याळ, कोटावर पातळ. पट्टा चामड्याचा, आणि तोही बुटांच्या रंगाचा. हे साधं गणित आहे."

"बरोबरच बोलतोय तो," मिनिटरावांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, म्हणाल्या. "अहो, एक दिवस तरी धक्का घरी ठेवून या."

मला राग आला, पण खरं सांगतो, मेहुणा चुकीचं बोलत नव्हता. मी कोटाला शोभत नाहीच. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं आपलं पातळ, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ आणून दिलं आणि काकूंनी मला कपाटाच्या खणात ठेवलं. "आत्तापासूनच घाला, हाताला सवय होऊ दे," त्या म्हणाल्या. खणात अंधार होता, शेजारी सुई-दोऱ्याचा डबा. शनिवार सरला आणि रविवारी सकाळी मी थांबलो.

रविवारी दुपारी काकू आणि मेहुणा हार-फुलं घेऊन पुढे गेले. मिनिटराव चारच्या सुमारास निघणार होते, धक्का घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर. त्यांनी कोट चढवला, बूट घातले आणि आभाराचं भाषण पाठ करत बसले. सहाच ओळी होत्या, पण चौथी काही केल्या आठवेना. मनगटाकडे पाहिलं, तीन चाळीस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा पाहिलं, तीन चाळीस. "बराच वेळ आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि परत चौथ्या ओळीशी झटू लागले.

ते पातळ घड्याळ किल्लीचं होतं. मेहुणा रोज सकाळी दात घासता घासता त्याला किल्ली देई, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली की सांगायचीच राहिली. शुक्रवारी आणून देण्याआधी भरलेली किल्ली रविवारी दुपारपर्यंत कशीबशी पुरली. आणि घड्याळाला किल्ली द्यावी लागते, हे मिनिटराव एकोणतीस वर्षांत पार विसरून गेले होते. घरात भिंतीवर घड्याळ नव्हतं. "घरात मिनिटराव असताना भिंतीला खिळा कशाला?" असं काकू नेहमी म्हणत. तेव्हा हाताहातात फोनही नव्हते.

मध्येच त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी उठून खण उघडला, मला उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. एवढ्यात लांबून घंटा ऐकू आली. पहिली घंटा! दुपारी पाचच्या आधी दुसरी बोट नव्हती, म्हणजे पाचला पाच मिनिटं.

मिनिटराव धावत सुटले. नवे बूट, नवा कोट, वय अठ्ठावन्न. त्यांच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती आणि त्या धक्क्यांनी मीही टिकटिकू लागलो, पण चुकीच्या वेळेवरून. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा दुसरी घंटा वाजत होती. फळी आत ओढलेली, बोट हातभर लांब. मेहुणा कठड्यावरून ओरडत होता, "थांबवा! दाजी आले!" काकू रडकुंडीला आलेल्या, फेरीबोटीच्या कचेरीतले साहेब हार घेऊन उभे. आणि ताई खुंटावरचा दोर हातात धरून मिनिटरावांकडे बघत होती. एक शब्द, फक्त एक शब्द त्यांनी बोलायचा होता.

मिनिटरावांनी हात वर केला आणि म्हणाले, "सोड."

दोर पाण्यात पडला. पाहुणे, हार, काकू, सगळ्यांना घेऊन बोट निघून गेली आणि धक्क्यावर आम्ही तिघंच उरलो.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माझं चुकलं का?"

"तू थांबली असतीस, तर मी एकोणतीस वर्षं लोकांना उगाच त्रास दिला असं झालं असतं," मिनिटराव म्हणाले. मग खुंटावर बसून त्यांनी मला बाहेर काढलं. धक्क्यावरच्या घड्याळाकडे पाहून माझे काटे जुळवले, ते पातळ घड्याळ खिशात घातलं आणि मला बांधलं. कफाचं बटण माझ्यावरून लागेना. त्यांनी ते उघडंच ठेवलं.

तासाभरानं बोट परत आली. सगळ्यांत आधी मेहुणा उतरला. त्यानं मिनिटरावांच्या खिशातलं पातळ घड्याळ काढून कानाला लावलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "किल्ली! सांगायचंच राहिलं, दाजी." मग हसत सुटला. "चला, अकरा वर्षांनी फिट्टंफाट!"

समारंभ पुढच्या फेरीत झाला. भाषणाची चौथी ओळ तेव्हाही आठवली नाही. सूर्य मावळून गेला होता, पण पाण्यावर थोडा उजेड शिल्लक होता. तो मिनिटरावांनी शेवटपर्यंत पाहिला. परतल्यावर त्यांनी मला सोडवून ताईच्या हातात दिलं. "हे कामाचं आहे," ते म्हणाले, "कामावरच शोभतं."

मित्रांनो, कामाला वेगळं आणि समारंभाला वेगळं घालावं, यात काही वावगं नाही. नटा, थटा. पण जी वस्तू मनगटावर बांधाल, तिचा स्वभाव आधी विचारून घ्या. आणि जी काढून ठेवाल, तिला अगदीच विसरू नका. ताई सणासुदीला नाजूक घड्याळ घालते, पण निघण्यापूर्वी मला हातात घेऊन दोन-चार झटके देते.

मिनिटराव आता रोज संध्याकाळी धक्क्यावर येतात. अंगात साधा सदरा, मनगट मोकळं. "किती वाजले गं?" ते विचारतात. ताई नुसता हात पुढे करते, आणि मी त्यांना बरोबर वेळ सांगतो.