गळलेला शब्द

तेवीस वर्षं मी लोकांच्या चुका काढतो आणि त्याचाच पगार घेतो. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्याचं काम तेच. घरीही ही खोड जात नाही, असं बायको म्हणते. तिच्या वाक्यात चूक सापडत नसल्यामुळे मी गप्प बसतो.

सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने मुलीच्या लग्नाची छापील पत्रिका पाठवली. मी ती लाल शाईने तपासून परत केली. अकरा चुका. त्यावर लग्नात चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा मान त्याने दुसऱ्याला दिला. थोरला काका असून मी डावलला गेलो, म्हणून लग्नाला गेलोच नाही. बोलणं बंद झालं ते झालंच. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या वाटेवर आहे, तर मी वळसा घालून कामाला जातो.

सध्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, नवी आवृत्ती हाताखाली आहे. बाई, म्हणजे आमच्याकडच्या निवृत्त शिक्षिका, मूळ प्रत स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचतात आणि मी छापलेलं पान पाहतो. काल सकाळी प्रभूच्या डोंगरावरच्या उपदेशाशी आलो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाची तुझ्याविरुद्ध तक्रार आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, अशा अर्थाचं वचन.

"थांबा," मी म्हणालो. "इथे शब्द गळलाय. रास्त तक्रार असं हवं. लहानपणापासून पाठ आहे मला." आणि लाल खूण करून मोकळा झालो.

बाईंनी कपाटातून चार जुन्या आवृत्त्या काढल्या. एक त्यांच्या आजीच्या वेळची, कडा वाळवीने खाल्लेली. चारही उघडून माझ्यापुढे मांडल्या. 'रास्त' कुठेच नव्हतं.

"हा शब्द तुमचा दिसतो," चष्मा पुसत बाई म्हणाल्या. "मूळ प्रत आणि आपलं डोकं यांचं जुळलं नाही, तर आपला नियम काय?"

"मूळ प्रत खरी."

हे मीच नव्या माणसांना दरडावून सांगतो. पिढ्यान् पिढ्या इतक्या हातांनी ते वचन जुळवलं, छापलं, आणि एकानेही त्यात माझ्यासाठी पळवाट ठेवली नव्हती. आधी राग आला, मग हसू आलं, आणि खरं सांगायचं तर भावाची फार आठवण आली. पेन पानावर ठेवलं आणि उठलो.

भाऊ दुकानात एका डगमगणाऱ्या चाकाचा आऊट काढत होता. मला पाहून त्याने मान वर केली, हात थांबवला नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "लग्नाला यायला हवं होतं."

"पोरगी दोन दिवस रडली." त्याने चाक फिरवून पाहिलं. "आणि चुका दहाच होत्या. अकरावं व्याह्यांचं आडनाव होतं. ते तसंच लिहितात."

म्हणजे तक्रार रास्तही निघाली.

त्याने हात पुसून खणातून एक कागद काढला. नातवाच्या बाप्तिस्म्याची पत्रिका, अजून छापायला जायची होती. "त्या दिवशी शास्त्रपाठ तू वाच. आणि ही बघून दे."

मी खिसा चाचपला. "पेन तिथेच ठेवून आलो."

"मग आज नुसती वाच," तो म्हणाला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.