चार वाजताची बशी

बस डेपोतल्या त्या मेकॅनिकला सगळे ‘पाना’ म्हणायचे. अंगाने उभा, सडपातळ, आणि डोकं तेवढं रुंद, त्यामुळे नाव चपखल बसलं होतं. हाताखाली बेचाळीस बसगाड्या. कुठल्या गाडीचं तेल कधी बदललं, कुठलीचा ब्रेक कधी तपासला, हे त्याला झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेल. गाडीच्या पोटात काय चाललंय ते नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. पण समोरच्या माणसाला ‘नको’ म्हणायची वेळ आली की त्याची दातखीळ बसायची.

त्याची बायको त्याच डेपोत तिकीट खिडकीवर बसायची. आणि डेपोचं कँटीन चालवायचे तिचे मामा. आईवडील लवकर गेल्यामुळे तिला पाचव्या वर्षापासून मामांनीच वाढवलं होतं. ते तिला ‘चिमणी’ म्हणत. मामा बोलायला फटकळ, मिठी मारणं, पाठीवरून हात फिरवणं असले प्रकार त्यांच्या बापजन्मात नव्हते. माया उतू आली की ते काहीतरी तळत. चिमणी परीक्षेत पास झाली, तळलं. नापास झाली, जास्त तळलं. तिच्या लग्नात तर त्यांनी इतकं तळलं, की पाहुण्यांच्या कपड्यांना आठवडाभर वास येत होता.

त्यामुळे चिमणीला दिवस गेल्याचं कळताच चार वाजताची बशी सुरू झाली. रोज दुपारी चारच्या ठोक्याला कँटीनच्या फळीवर निळ्या काठाची मोठी बशी यायची. तळलेले बटाट्याचे काप, तळलेल्या ब्रेडच्या फोडी, कोंबडीचे कुरकुरीत तुकडे, आणि कडेला क्रीमची चार बिस्किटं. बशी पटांगण ओलांडून खिडकीपर्यंत न्यायचं काम पान्याकडे.

“दोन जिवांची आहे ती,” मामा बजावायचे. “जावईबापू, वाटेत रेंगाळू नका. गार झालं की मजा गेली.”

पाचव्या महिन्यात दवाखान्यातल्या सिस्टरने चिमणीचे रिपोर्ट पाहिले, वजन पाहिलं, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“साखर थोडी वर गेलीय. वजन तर एक्स्प्रेस गाडीसारखं धावतंय. खाता काय तुम्ही?”

चिमणीने सांगितलं. सिस्टर ऐकत राहिली. बिस्किटांपर्यंत आल्यावर तिने पेनच खाली ठेवलं.

“हे बघा, चरबी वाईट नसते. बाळाचा मेंदू, बाळाचे डोळे, सगळं घडायला चांगली चरबी लागतेच. पण पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, बिस्किटांतलं ते घट्ट केलेलं तेल, हे सगळं तुमच्या रक्तातून वार आणि नाळेवाटे बाळाकडे जातं. मग चांगल्या चरबीला पोचायचं तिथे पोचता येत नाही.”

“म्हणजे रुमाल टाकून सीट अडवल्यासारखं,” पाना म्हणाला.

“अगदी तसंच. तेव्हा तळलेलं बंद. मासे, अंडी, अक्रोड, डाळी, भाज्या खा. घाबरायचं कारण नाही, पण आजपासून बदला.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना चिमणी म्हणाली, “मला जमेल रे. पण मामाला कोण सांगणार?”

पान्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिसरं कोणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी चारला तो छातीत हवा भरून कँटीनमध्ये गेला. मामा कढईपुढे उभे होते. ती कढई म्हणजे त्यांचा अभिमान. तिच्यातलं तेल ते कधी पूर्ण काढत नसत, कमी झालं की वर नवीन ओतायचे. ‘जुन्या तेलाला चव असते’ असं त्यांचं म्हणणं. पाना “मामा, ते सिस्टर म्हणाल्या...” एवढंच बोलला.

“काय म्हणाल्या? वजन कमी भरलं?” मामांच्या हातातला झारा वर गेला. “मला वाटलंच होतं! थांबा, अजून दोन तुकडे घालतो.”

आणि पाना मुकाट्याने बशी घेऊन बाहेर पडला.

आता करायचं काय? खिडकीवर न्यावी तर बाळाचं नुकसान, परत न्यावी तर मामांचा राग. अन्न टाकायला मन धजेना. शेवटी तो वर्कशॉपमागे गेला, उकिडवा बसला, आणि एकेक करत बशी साफ केली. खोटं कशाला बोला, चवीला एक नंबर होतं.

“सांगितलंस?” संध्याकाळी बायकोने विचारलं.

“सांगितलं.”

“रागावला?”

“जरा... गप्प झाले.”

बिचारीचा जीव चुटपुटला. मामाला वाईट वाटलं असणार, म्हणून ती कँटीनकडे फिरकेनाशी झाली. डबा घरूनच आणायची. तिकडे रिकामी बशी बघून मामा विचारायचे, “काय म्हणाली चिमणी?”

“आवडलं म्हणाली.”

“आणि पोरगी आभार मानायलासुद्धा येत नाही,” मामा कढईला ऐकवायचे, आणि उद्याच्या बशीत चार काप जास्त पडायचे. बशी चाटूनपुसून परत येतेय म्हणजे पोरीची भूक वाढतेय, हा त्यांचा हिशेब सरळ होता.

दहा आठवडे हे असं चाललं. चिमणीची साखर जागेवर आली, वजनाचा वेगही मंदावला. सिस्टर खूश. इकडे पान्याचे गाल वर आले, ओव्हरॉलचं मधलं बटण सुतावर लोंबकळायला लागलं. ड्रायव्हर लोक चेष्टा करायला लागले, “अरे, तुमच्यात बाळंतपण नक्की कोणाचं आहे?” वर्कशॉपमागे कोणी ना कोणी डोकावायचं, म्हणून पान्याने जागा बदलली. चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडायचं, बशी छातीवर ठेवायची आणि सरपटत उभ्या गाडीखाली जायचं. तिथे मेकॅनिकला कोण विचारतो?

आठवा महिना लागला त्या दिवशी मामांनी बशी दुप्पट भरली. पाना गाडीखाली गेला, वरच्या नळ्यांकडे बघत निवांत सगळं संपवलं, एक ढेकर दिली, आणि टाचेने फळी मागे रेटली.

फळी जागची हलली नाही.

जाताना पोट रिकामं होतं आणि आता भरलेलं. वर आडवा रॉड. त्यात ते लोंबकळणारं बटण कुठल्याशा पट्टीत अडकलेलं. श्वास सोडला की रॉड सुटायचा, पण बटण ओढायचं. श्वास घेतला की बटण सैल व्हायचं, पण रॉड रुतायचा. पाच मिनिटं झटापट केल्यावर अब्रूचा विचार सोडून त्याने खिशातल्या पान्याने चेसिसवर ठण ठण ठोकायला सुरुवात केली.

आधी दोन ड्रायव्हर आले. मग तीन कंडक्टर, मग अर्धा डेपो. पाय धरून ओढाओढ सुरू झाली. “जोर लगाव” म्हणणारे दहा आणि लावणारे दोन. “अहो, गाडी वर उचला!” असं आतून पाना ओरडत होता, पण ऐकतो कोण. शेवटी जॅक लावला, गाडी बोटभर वर झाली, बटण तटकन तुटलं, आणि फळी बाहेर आली. तिच्यापुढे घरंगळत आली निळ्या काठाची बशी. ती थेट गलबला ऐकून आलेल्या मामांच्या पायाशी येऊन थांबली.

मामांनी वाकून बशी उचलली. तिच्या काठाला बटाट्याचा चुरा तेवढा चिकटला होता.

“ही बशी माझी आहे,” ते हळूच म्हणाले. मग आवाज चढला. “जावईबापू! पोटुशी बायकोच्या तोंडचा घास गाडीखाली लपून खाता? लाज नाही वाटत रे तुला?” रागाच्या भरात ‘अहोजाहो’ कधीच गळून पडलं होतं.

“शी!” कोणीतरी मागून म्हणालं. सगळ्या डेपोच्या नजरेत पाना क्षणात राक्षस झाला.

तेवढ्यात चिमणी खिडकी बंद करून, एक हात कमरेवर ठेवून, गर्दीतून वाट काढत आली. “मामा, अजून बशी कशी काय? ती तर बंद केली होतीस ना?”

“मी बंद केली? मी रोज पाठवतोय. आजची तर दुप्पट!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून फळीवर उताण्या पडलेल्या पान्याकडे पाहिलं.

“तू मामाला सांगितलंस म्हणाला होतास,” चिमणी म्हणाली.

“सांगणारच होतो,” पाना म्हणाला. “झारा वर गेला.”

पडल्या पडल्याच त्याने सगळं ओकून टाकलं. सिस्टर, साखर, वार, मेंदू, डोळे, अडवलेली सीट. मामा लालबुंद झाले. “माझ्या तेलात खोट काढतोस? त्या सिस्टरला म्हणावं, वीस वर्षं हा डेपो माझ्या तेलावर चाललाय!”

आता मात्र पान्याच्या आत काहीतरी पेटलं. एवढी शोभा झालीच होती, आणखी काय व्हायचं राहिलं होतं? तो उठला, कपडे झटकले, दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घेतल्या. एका बाटलीत सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल घेतलं, दुसरीत मामांच्या कढईतलं. दोन्ही बाटल्या उन्हात भिंतीवर ठेवल्या आणि डेपो मॅनेजरना बोलावलं.

“साहेब, लांबूनच बघा. यातलं गाडीचं तेल कुठलं?”

मॅनेजरनी दोन्ही बाटल्या निरखल्या आणि बेधडक एका बाटलीकडे बोट केलं. “हे. आणि काय रे, इतकं काळं होईपर्यंत गाडी चालवलीच कशी? आजच्या आज बदला.”

ती कढईची बाटली होती.

कोणीच हसलं नाही. खरं तर सगळ्यांनाच हसू येत होतं, पण मामांचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं. मामांनी बाटली उचलली, उन्हात धरली, खूप वेळ बघितली. मग ती घेऊनच कँटीनमध्ये निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी आणि पाना तपासणीला गेले, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्याच्या दारात हजर. पान्याला वाटलं, आता सिस्टरची काही खैर नाही. मामा खुर्चीच्या टोकावर बसले, घसा खाकरला, आणि भांडायला आलेला तो माणूस एकदम लहान आवाजात म्हणाला, “सिस्टर, हिला मी लहानपणापासून हेच घातलंय. दुसरं काही मला येतच नव्हतं. ही... बरी आहे ना?”

चिमणीने पटकन त्यांचा हात धरला. सिस्टरने चष्मा पुसला.

“बरी आहे. तिला कोणीतरी रोज आठवणीने खायला घातलंय, ते दिसतंच आहे. आता घालायचं तेवढं बदला.”

मामांनी कढई रिकामी केली. घासायला दोन दिवस लागले, आणि आतून कढई रुपेरी निघाली तेव्हा त्यांनाच धक्का बसला. त्यानंतर डेपोवर मोठं संकट कोसळलं. पहिल्या आठवड्यात उकडलेला घेवडा आला, तेव्हा ड्रायव्हर लोकांनी एकमेकांची तोंडं पाहिली. दुसऱ्या आठवड्यात भट्टीत भाजलेले बटाटे आले. ते इतके टणक होते, की एकाने उतारावरच्या गाडीच्या चाकाखाली लावायला दोन मागून नेले. निवेदनं गेली, मॅनेजरच्या टेबलावर सह्यांचा कागद पडला. मामांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आधी पोरगी बाळंत होऊ दे, मग तुमची वकिली.”

पण माणूस मुळात सुगरण. तिसऱ्या आठवड्यात त्यांना तव्यावरचा मासा साधला. लिंबू, लसूण, थोडंसं ताजं तेल, वर कोवळी कोथिंबीर. चौथ्या आठवड्यात सह्या करणारे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. शनिवारी मात्र मामा छोट्या कढईत ताज्या तेलात थोडंसं तळायचे, आणि उरलेलं तेल सगळ्यांसमोर टाकून द्यायचे. बशी आता ते स्वतः खिडकीवर नेत, आणि चिमणी पूर्ण खाईपर्यंत तिथेच उभे राहत. मागे तिकिटाची रांग लागली तरी हलत नसत.

नवव्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी चिमणीला कळा सुरू झाल्या. चौदा तास लागले. पाना आणि मामा बाहेरच्या बाकावर खांद्याला खांदा लावून बसले होते. मध्येच मामा म्हणाले, “जावईबापू, त्या दिवशी मी तुम्हाला अरे-तुरे केलं.”

“बरं वाटलं मामा,” पाना म्हणाला. “तसंच चालू ठेवा.”

मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, आवाजाने मात्र डेपोच्या भोंग्याला भारी. सिस्टर तिला गुंडाळून बाहेर घेऊन आली.

“मेंदू कसा आहे?” मामांनी पहिला प्रश्न टाकला.

“आजच परीक्षा घ्यायचीय का? छान आहे पोर. रडते जोरात, दूधही ओढतेय.”

पोरीने तेवढ्यात डोळे उघडले आणि ज्या दिशेला दिवा होता तिकडे मान वळवल्यासारखं केलं. “बघते! बघते माझ्याकडे!” मामा ओरडले. दिवा त्यांच्या डोक्यावर होता, हे पान्याला दिसत होतं. पण तो काही बोलला नाही. या वेळी गप्प बसण्यात भित्रेपणा नव्हता.

“हिला आता काय द्यायचं खायला?” मामांनी बाह्या सरसावल्या.

“काही नाही. सहा महिने फक्त आईचं दूध.”

“सहा महिने?” मामा पार खचले. “मग मी काय करू?”

“आईला जेवायला घाला की.”

मामांचा चेहरा उजळला. ते दार ढकलून थेट आत गेले. चिमणी डोळे मिटून पडली होती, केस कपाळाला चिकटलेले, अंगात त्राण नाही.

“चिमणे,” मामांनी हळूच विचारलं, “मासा करू की अंडी?”

तिने डोळे न उघडताच उत्तर दिलं.

“दोन्ही.”