हे पान अजून लिहायचे आहे

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे विणकामाचे यंत्र अडून बसले आणि त्याच्यासोबत सगळे घरच अडून बसले. संधिवाताने बोटे वाकडी झाल्यापासून त्यांना हातात सुया धरवत नाहीत. यंत्राची सरकती मूठ मात्र तळहाताने ढकलता येते. नक्षी संगणकावर रंगवायची, मूठ इकडून तिकडे न्यायची, की ओळीखाली ओळ विणून उतरते. त्यांच्या हाती आता तेवढेच उरले होते. जुना संगणक मोडीत निघाला, त्यांच्या मुलाने, माझ्या पुतण्याने, नवा आणला, त्यावर तोच फुकटचा प्रोग्राम नव्याने घातला. तेव्हापासून यंत्र दोन ओळी विणते आणि थांबते. पडद्यावर अक्षरे येतात, ‘यंत्र तयार नाही.’

"मी तयार, लोकर तयार, यालाच काय धाड भरलीय?" जाऊबाई म्हणायच्या.

शेवटी पुतण्याने भंगारवाल्याला सांगून टाकले. त्याला त्या खोलीत मुलीचा पलंग टाकायचा होता आणि त्याचेही काही चूक नव्हते. बंद यंत्र केवढी जागा खाते! शनिवारी दुपारी भंगारवाला येणार होता. शुक्रवारी माझी लेक सुट्टीवर आली. ती कंपनीत प्रोग्राम लिहिते. जाऊबाईंनी तिला धड चहाही घेऊ दिला नाही.

"बघ गं जरा. तुझ्याच जातीतलं आहे हे."

"मोठी आई, विणायची मशीन मी जन्मात बघितली नाहीये."

"मग आता बघ."

शनिवारी सकाळी लेक संगणकापुढे बसली. आधी तिने ‘यंत्र तयार नाही’ एवढेच शोधले. छापखान्याची यंत्रे आली, लाकूड कापायची आली, कोणाचे कॉफीचे यंत्र आले. जगात कोणाचेच यंत्र तयार नव्हते.

"असं नाही सापडायचं. प्रोग्रामचा कोडच शोधते. तो सगळ्यांना वाचायला उघडाच ठेवलेला असतो."

"मग बरंच झालं की," मी म्हणाले.

"आई, उघडं असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. तुझं कपाट उघडंच असतं ना?"

मी जाऊन कपाट लावून आले.

तिने प्रोग्रामचा सगळा कोड चाळला. ते वाक्य त्यात नव्हतेच. जे वाक्य रोज डोळ्यांसमोर येते ते आत नाही म्हणजे काय? तिने कपाळावर हात मारला. हा प्रोग्राम म्हणे यंत्राशी स्वतः बोलतच नाही. बोलायचे काम त्याने दुसऱ्या एका प्रोग्रामकडून उसने आणले आहे. त्या दुसऱ्याचे माहितीपुस्तक उघडले. ‘यंत्राशी बोलणे’ असा ठळक मथळा, आणि खाली एकच ओळ : ‘हे पान अजून लिहायचे आहे.’

"कधीचं आहे हे?" जाऊबाईंनी विचारले.

"मी कॉलेजात होते तेव्हाचं."

"अगं बाई! मग लिहिणारा गेला की काय?"

"नाही. कालच त्याने प्रोग्रामच्या चिन्हाचा रंग बदललाय. निळ्याचा हिरवा केलाय." लेकीने दातओठ खाल्ले. "त्याला वेळ आहे!"

तिथल्या कोडात ते वाक्य एकदाचे सापडले, पण ते नेमके कशाने उमटते याचा पत्ता नव्हता. मग तिने कोडातला तो तुकडाच उचलून जगभरच्या उघड्या प्रोग्रामांत शोधला. ढीगभर ठिकाणी निघाला. लोक अख्खा प्रोग्राम स्वतःकडे उतरवून घेतात, काहीतरी करू म्हणतात आणि विसरून जातात. सगळीकडे तोच तुकडा, त्याच चुकीसकट. लेक एकेक उघडून बंद करत होती. मध्येच पुतण्या डोकावला.

"झालं का गं? भंगारवाला निघालाय."

"दादा, तू आत्ता बोलू नकोस."

अखेर अशाच एका उतरवलेल्या प्रतीत कोडाची एक ओळ जास्त निघाली. कोणा शहाण्याने लिहिले होते की यंत्राला पुढची ओळ सांगण्याआधी जरा थांबावे. नवा संगणक भरभर बोलतो, जुने यंत्र दम खाते, एवढेच दुखणे होते.

"मग ही ओळ मूळ प्रोग्राममध्ये का नाही घातली?" मी विचारले.

लेकीने पुढचे वाचले आणि डोळे मिटून घेतले. शहाण्याने दुरुस्ती पाठवली होती. मूळ प्रोग्राम सांभाळणाऱ्या राखणदाराने उत्तर दिले होते, ‘छान. माहितीपुस्तकात दोन ओळी लिहा, मग घेतो.’ त्यांचा तसा नियमच आहे. शहाणा म्हणाला होता, ‘कोड वाचा, कळेल.’ त्यावर राखणदार गप्प, शहाणाही गप्प, आणि दुरुस्ती तशीच लटकलेली.

"दोन ओळींवरून?" जाऊबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "आपण दोघी एका स्वयंपाकघरात राहिलो, पण इतकं नाही ताणलं."

"ताणलं होतंत," लेक म्हणाली. "मी होते तेव्हा."

तिने ती जास्तीची ओळ आमच्या संगणकात घातली. जाऊबाईंनी मूठ ढकलली. एक ओळ, दुसरी, तिसरी. चौथीला त्यांनी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तेवढ्यात भंगारवाला आला आणि त्याच्यामागे पुतण्या.

"चालतंय, बरं वाटलं," पुतण्या म्हणाला. "पण हिने ते फक्त इथे ठोकून बसवलंय. पुढच्या वेळी प्रोग्राम बदलला की ओळ पुसली जाणार. मग ही सुट्टीवर नसणार आणि तू पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. मला ते बघवत नाही, आई."

मूठ थांबली.

"त्या दोन ओळी तू लिही," जाऊबाई लेकीला म्हणाल्या.

"मी? दोन बाप्ये भांडणार आणि माहिती मी लिहायची? मी सुट्टीवर आहे, मोठी आई!"

"लिही गं."

तिने आदळआपट करत लिहिले. जाऊबाई शेजारून सांगत होत्या : मूठ कुठवर न्यायची, कुठे क्षणभर टेकवायची. भंगारवाला खुर्चीवर पाणी पीत बसला. राखणदार जागाच असावा, लगेच उत्तर आले : विणलेल्या नमुन्याचा फोटो हवा. फोटो पाठवला. मग म्हणे तिसरे वाक्य लांब झालेय. लेकीने ते मोडून दोन केले. काय पुटपुटली ते लिहिण्यासारखे नाही. मग बराच वेळ काही आले नाही. पुतण्या घड्याळ बघत होता, जाऊबाई स्वतःच्या हातांकडे.

"घेतलं!" लेक ओरडली. "मूळ प्रोग्राममध्ये घेतलं. आता नाही पुसलं जायचं."

पुतण्याने एक सुस्कारा सोडला, मग भंगारवाल्याकडे वळला. "माफ करा दादा, फुकट फेरी पडली. पलंगाचं बघतो दुसरीकडे कुठेतरी."

"चालू यंत्र मी तसंही उचलत नाही," भंगारवाला उठत म्हणाला. "हळहळ लागते."

लेक अजून पडद्याकडेच बघत होती. राखणदाराने खाली एक ओळ जोडली होती : तुमच्याकडे यंत्र आहेच, तर हे पान यापुढे तुम्हीच सांभाळाल का?

"घ्या! बिनपगारी नोकरी! मी नाही म्हणून कळवते."

"हो म्हण," जाऊबाई मूठ ढकलत म्हणाल्या.

"मोठी आई, जगभरचे लोक विचारायला येतील. कोण उत्तरं देणार?"

"मी सांगीन, तू लिही."

लेकीने माझ्याकडे पाहिले. मी लोकरीचा गुंता सोडवायला घेतला. तिने हो लिहिले. ती उठणार, इतक्यात पडद्यावर कोणाचा तरी पहिला प्रश्न आला : पान वाचले, पण आमची मूठ मध्येच अडकते.

"अगं, तेल घाल म्हणावं त्याला," जाऊबाई म्हणाल्या. "आणि विचार, लोकर कुठली वापरतो."