सालोमेआजीचं उघडं तोंड

आमच्या स्ट्रासबुर्गात कुणी वारलं की माणसं आधी सालोमेआजीकडे धावत, मग पाद्रीबाबांकडे. आजी एक कडवं गायची, त्यावर चार शब्द सांगायची, पुन्हा गायची. देव शेजारच्या बाकावर येऊन बसलाय असं वाटायचं. मी छापखान्यात यंत्राचं चाक ओढणारा माणूस. पण तिचं एकही निरूपण चुकवलं नाही.

तिच्या पंच्याहत्तरीला तिच्या मुलाने, फिलिपने, आमच्या छापखान्यात तिचं चित्र छपाईच्या दगडावर काढवलं. साठ प्रती नातेवाइकांना वाटायच्या होत्या.

आजी बघायला आली ती लोणी लावलेला पाव खात.

"आजी, तो हात लांब ठेवा," मी म्हणालो. "दगडाला लोणी लागलं तर आत्ता दिसणार नाही, पण छापताना तिथे शाई धरते."

तिने वाकून पाहिलं. लेसची टोपी, गुळगुळीत गाल, घट्ट मिटलेले ओठ.

"ही कोण बया?"

"आई, तूच की!" फिलिप म्हणाला.

"मी तोंड मिटून कधी बसले रे?"

"चांगल्या घरच्या बायका चित्रात तोंड वासत नाहीत. आणि पाद्रीबाबाही म्हणाले, आता आजींनी गाणं थांबवावं."

"गळा देवाने दिलाय. बंद करायचा तर तो करील."

"सुरकुत्याही पुसल्यात, आजी," चित्रकार मोरित्स हसत म्हणाला. "आभार तरी माना!"

"कशाचे? पंच्याहत्तर वर्षं लागली त्या पाडायला!"

ते दोघे खिडकीशी प्रतींचा कागद निवडायला गेले. आजीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि लोण्याचा अंगठा दगडावरच्या ओठांवर दाबला.

"आजी!"

"गप, यॉर्ग. निरूपण ऐकायचंय ना अजून?"

दगडावर काही दिसत नव्हतं. चित्र दगडात पक्कं करणारं तेजाबाचं पाणी फिरवण्याआधी सांगणं माझं काम होतं; नंतर डाग कायमचा. देवा, क्षमा कर. मी मुकाट्याने पाणी फिरवलं.

पहिला कागद उचलला. ओठांच्या मधोमध अंगठ्याएवढा काळाभोर डाग. कडव्याच्या ऐन मध्यावर उघडलेलं तोंडच ते!

"कुणी हात लावला?" मोरित्स ओरडला.

"मी," आजी म्हणाली. "कडवं अर्धं राहिलं होतं."

"घासून टाका तो दगड!" फिलिप लालबुंद झाला. "लोक हसतील, आई!"

"हसू देत. हसायला त्यांनाही तोंड उघडावंच लागेल."

"मी एकही वाटणार नाही!"

"तू कशाला? मी वाटते. पहिली पाद्रीबाबांना."

फिलिप दार आपटून गेला. मोरित्सने खडू डबीत टाकला, पण दगडाला हात लावला नाही.

आजी माझ्या यंत्राशेजारी स्टूल ओढून बसली. "थांबलास का? एकोणसाठ राहिल्यात."

आणि तिने सूर लावला. मी चाक ओढलं.