उलटी टेप आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. पाइप नि नळ जबड्यात घट्ट धरून फिरवणारा, हातभर लांब आणि चांगलाच वजनदार. तापलेल्या लोखंडातून मला घडवलं, माझे दात कानशीने धारदार केले, वर लाल रंगाचा एक हात दिला. मग दुकानाच्या काचेआडून बाबांनी मला घरी आणलं. मी त्यांना बाबाच म्हणतो, कारण घरातली मुलगी तसंच म्हणायची.

बाबा टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करायचे. सुट्टीच्या दिवशी मात्र ते माझे असत. शेजारीपाजारी कुठे नळ गळला की हाक यायची, "अहो, नळांच्या डॉक्टरांना पाठवा!"

आई आतून म्हणायची, "पाठवते. पण घरचा पेशंट तीन आठवडे ठिबकतोय म्हणावं!"

बाबा हसायचे आणि मला खांद्यावर टाकून निघायचे. बॅटरी धरायला मुलगी मागोमाग. काम झालं की मला पुसून, तेलाचं बोट फिरवून ते पेटीत ठेवत. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. कष्टाची होती, पण सुखाची.

गेल्या वर्षी बाबा गेले. पेटी पलंगाखाली सरकली. माझ्या दातांवर गंज चढला, जबडा हलेनासा झाला. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. त्या दिवसांत घरात गॅसवरचं दूधसुद्धा रोज उतू जात होतं. पान्याची आठवण कोण ठेवणार?

मग एका सकाळी स्वयंपाकघरातला नळ भिंतीपाशी गळू लागला. आई म्हणाली, "प्लंबरला बोलावते. आणि ती पेटी भंगारात देऊन टाकू. दिसली की जीव कासावीस होतो."

"नळ मी बसवते," मुलगी म्हणाली. "नीट बसला तर पेटी राहील."

"आणि नाही बसला तर?"

मुलीने पलंगाखालून पेटी ओढली. "तर दे."

झालं! माझं सारं आयुष्य एका नळावर येऊन ठेपलं.

तिने पाण्याचा मोठा कॉक बंद केला, तेल सोडून माझा जबडा मोकळा केला, जुना नळ काढला. दुकानातून आणलेल्या नव्या नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. बाबांसारखीच, ओठ दाताखाली धरून. मग माझ्या मदतीने नळ आवळला. पहिल्याच फेऱ्यात मला कळलं की टेप आत बसण्याऐवजी चुरगळून बाहेर येते आहे. पण पान्याला दात असतात, जीभ नसते.

कॉक उघडताच नळाच्या मुळातून कारंजं उडालं. ओटा भिजला, पिठाचा डबा भिजला, आईचा चष्मा धुऊन निघाला.

"अगं, बंद कर! मला पोहता येत नाही!" आई ओरडली.

पाणी थांबलं. मुलगी ओल्या फरशीवरच बसली. "बाबा गुंडाळायचे तशीच गुंडाळली होती गं. त्यांचे हात अजून डोळ्यांसमोर आहेत माझ्या."

आई चष्मा पुसता पुसता थांबली. "बॅटरी धरून तू कुठे बसायचीस?"

"त्यांच्या समोर."

"मग वेडाबाई, तुला सगळं आरशातल्यासारखं उलटंच दिसलं असणार!"

मुलीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. इतकी वर्षं ती अगदी मन लावून उलटं शिकली होती. आधी आई हसली, मग मुलगी. हसता हसता दोघींनी डोळे पुसले. पाणी काय, सगळीकडेच होतं.

मग आई पदर खोचून तिच्या शेजारी बसली. नळ सोडवून चुरगळलेली टेप काढली, नवी उलट्या दिशेने गुंडाळली, मी नळ आवळला. यावेळी टेप हूं की चूं न करता आट्यांत बसली. कॉक उघडल्यावर आईने नळाच्या मुळाशी कोरडा कागद लावला. बराच वेळ लावून ठेवला. तो कोरडाच राहिला.

"पेटी पलंगाखाली नको," ती म्हणाली. "दाराजवळच्या फळीवर ठेव. हाताशी येईल."

आता मी तिथेच असतो. मित्रांनो, घरातली हत्यारं कोरडी ठेवा आणि वापरत राहा. आणि कुणाला आपलं काम शिकवायचं असेल, तर त्याला समोर बसवू नका. थोडं सरका आणि शेजारी जागा करा.