पाच अख्ख्या शीट

बर्च प्लायच्या पाच अख्ख्या शीट अंगणात उतरल्या तेव्हा तेल्लेर्वोने नवऱ्याला एवढंच विचारलं, "आर्ने, या ठेवणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. आर्नेचं वर्कशॉप म्हणजे अंगणातल्या सौनाला, वाफेच्या न्हाणीघराला, चिकटलेली खोली. रंधा मारताना कोपर भिंतीला लागायचं. पण ज्याने चौतीस वर्षं प्लायवूडच्या कारखान्यात शीट तपासल्या, त्याला असले प्रश्न पडत नाहीत.

"अर्ध्या कापून ठेव ना."

"कापल्या की होडीच्या तळाला सांधा आला, आणि सांधा आला की पाणी आलं. तुला बेटावर जायचंय की पोहायचंय?"

बेटावर तिचं माहेर होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर जुन्या, डुगडुगणाऱ्या होडीत पाय टाकायची तिला भीती बसली होती. गेल्या जूनमध्ये जुहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या, सणाला बेटावरची होळी तिने जन्मात पहिल्यांदा या काठावरून पाहिली आणि ती विझायच्या आधीच घरात गेली. ते आर्नेला फार लागलं होतं. पुढच्या जुहान्नुसच्या आत रुंद, सपाट तळाची होडी करीन, असा त्याने शब्द दिला होता.

शीट त्याने खाली पट्ट्या घालून सौनाच्या भिंतीला आडव्या टेकवल्या. "सगळ्यात कोरडी जागा," तो ऐटीत म्हणाला. मग हिवाळाभर दर शनिवारी त्या भिंतीपलीकडे दोघं मस्त घाम काढत बसली.

मे महिन्यात त्याने पहिली शीट कापकामाच्या लाकडी घोडीवर टाकली आणि ती पाळण्यासारखी झुलली. सौनाच्या धगीने भिंतीकडची बाजू सुकून आत ओढली गेली होती. बाकीच्या चारही तशाच. कारखान्यातल्या कालच्या पोराने केली नसती अशी चूक त्याने केली होती, आणि हातात सात आठवडे होते.

तेल्लेर्वो काठी टेकत कॉफी घेऊन आली.

"होडीला बाक लागतोच," तो म्हणाला.

"तळालाही?"

त्याने झुलणाऱ्या शीटवर हात टेकला. मग म्हणाला, "चुकलं माझं."

हे वाक्य तिला सवयीचं नव्हतं. तिने कप खाली ठेवला. "कारखान्यात तुम्ही लोक कशा ठेवायचात?"

"सपाट, एकावर एक, वर वजन. इथे एवढी जागा कुठाय?"

"पलंग आहे की. आणि वजनाचं म्हणशील तर मी पंच्याऐंशी, तू शंभराच्या घरात."

शीट उपड्या होऊन गादीखाली गेल्या. पलंगाबाहेर आलेल्या कडांनी दोघांच्या नडग्या सोलून निघाल्या. तीन आठवड्यांनी शीट घोडीवर आल्या तेव्हा वर मोजपट्टी टेकवली तरी खाली फट दिसेना.

"प्लाय सपाटच ठेवायचा असतो," आर्नेने शेजाऱ्याला बजावलं.

"हो, याला सगळं माहीत असतं," तेल्लेर्वो म्हणाली.

जुहान्नुसच्या दिवशी नवी होडी धक्क्याला लागली. आर्ने आत उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. "सावकाश. घाबरू नकोस."

तिने काठी त्याच्या हातात दिली आणि सरळ होडीत पाय टाकला.

"घाबरू कशाला? तीन आठवडे निजलेय मी हिच्यावर."