मंगळवारी नऊपर्यंत

आमच्या विद्यापीठात गुपितं सांभाळायचा पगार मिळणारी मी एकटीच. संशोधन कार्यालयात मला एकवीस वर्षं झाली. कुणाचा अर्ज कुठे अडला, कुणाला परीक्षकांनी सोलून काढलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. अर्जात एक रकाना असतो, कामात खंड का पडला याचा. आजारपण, बाळंतपण, घटस्फोट, घरातलं मरण, जे असेल ते तिथे लिहायचं, म्हणजे तेवढे महिने माफ होतात. माणसं सख्ख्या भावाला सांगत नाहीत ते तिथे लिहितात आणि मग पार्किंगमध्ये मला पाहून वाट बदलतात. मी मनाला लावून घेत नाही. फार नाही.

मोठ्या फेलोशिपचा निकाल लागतो तो दोन टप्प्यांत. बुधवारी राजधानी कॅनबेराहून माझ्याकडे यादी येते आणि पुढच्या मंगळवारी सकाळी नऊला ती जगजाहीर होते. मधले दिवस तोंडबंदी. ज्यांना मिळाली त्यांना मी फोन करायचा आणि त्यांनी ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, विभागप्रमुखालासुद्धा नाही. फोनवर वाचून दाखवायचं एक ठरलेलं वाक्य आहे: बातमी फुटल्यास फेलोशिप काढून घेतली जाऊ शकते. एकवीस वर्षांत कुणाची काढून घेतलेली मी तरी पाहिली नाही. सगळे गंभीर आवाजात हो म्हणतात आणि फोन ठेवायच्या आत बायकोला खूण करतात. गुरुवारी दुपारी कॅन्टीनमधली मुलगी मला विचारते, काय गं ग्लेनिस, त्या खेकडेवाल्याला मिळाली म्हणे? मी कानांवर हात ठेवते. हे इतकं अंगवळणी पडलं आहे की गुरुवारपर्यंत ज्याच्याबद्दल काही ऐकू आलं नाही, त्याला मिळाली नाही असं सगळे धरून चालतात.

त्या वर्षी आमच्याकडून एकोणीस अर्ज गेले होते. मिळाल्या दोन. एक समुद्री गवतवाल्या इंग्रिडला, दुसरी नेव्हिल क्रॅडॉकला.

नेव्हिल हा आमचा गंजवाला. बंदराच्या जुन्या धक्क्याला अकरा वर्षांपूर्वी त्यानं पोलादाच्या सहाशे पट्ट्या टांगल्या, काही पाण्याखाली, काही भरतीच्या रेषेवर, काही वर खाऱ्या वाऱ्यात. दर महिन्याला त्यातल्या चार काढायच्या, स्वच्छ करायच्या, वजन करायचं आणि समुद्रानं किती खाल्लं ते लिहून ठेवायचं. आता सत्तरच उरल्या होत्या, पण जितक्या जुन्या तितक्या मोलाच्या. तेवढी वर्षं एका जागी टांगलेलं पोलाद देशात दुसरीकडे कुठे नाही, असं तो अर्जात लिहायचा, आणि ते खरं होतं. नोकरी मात्र एक-एक वर्षाच्या करारावर. या नोव्हेंबरअखेर करार संपत होता, पुढे नूतनीकरण नव्हतं आणि नियमाप्रमाणे फेलोशिपसाठी हा त्याचा शेवटचा अर्ज होता. मिळाली तर चार वर्षं तो आणि त्या पट्ट्या जागच्या जागी. नाही मिळाली तर दोन्ही धक्क्यावरून खाली.

अर्ज तपासताना मी त्याच्याशी दरवर्षी भांडायचे. खंडाचा तो रकाना तो कोरा ठेवायचा. मी म्हणायचे, अरे काहीतरी लिही, सगळे लिहितात, कुणाचा गुडघा दुखतो तेही लिहितात. तो म्हणायचा, खंड पडलाच नाही. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, इस्त्रीची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणार. एकदा काही कामासाठी त्याची फाइल काढली होती. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, या जागी त्यानं आपल्याच विभागाचा फोन नंबर लिहिला होता.

बुधवारी मी फोन केला. पहिल्या घंटेलाच उचलला. मी बातमी सांगितली.

"खरंच?" तो म्हणाला.

"खरंच."

मग ते ठरलेलं वाक्य मी वाचलं आणि सवयीनं पुढे माझं एक जोडलं, जे मी सगळ्यांनाच सांगते. घरी सांगितलंस तर मी काही चौकशी करणार नाही हं.

"घरी," तो म्हणाला. चपलेत पाय घालून बघावा तसा त्यानं तो शब्द घालून बघितला. मग म्हणाला, "नाही. मी कुणाला सांगणार नाही, ग्लेनिस."

फोन ठेवल्यावर मी जीभ चावली. पण सुटलेला शब्द सुटला.

गुरुवारी इंग्रिडच्या मजल्यावर केक कापला गेला. वाढदिवसाचा, असं तिनं मला डोळे मिचकावत सांगितलं. तिचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. नेव्हिल रोजच्या बाकावर रोजचं व्हेजिमाइटचं सँडविच खात होता, आणि पायाशी कर्ल्यू पक्ष्यांची जोडी पुतळ्यासारखी उभी. मी जाता जाता विचारलं, कसं काय? तो दचकला. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ठीक. खिशात चोरीचा माल असल्यासारखा बसला होता बिचारा. मला हसूही आलं आणि बरंही वाटेना.

शुक्रवारी सकाळी त्याच्या विभागाकडून सगळ्यांना ईमेल आलं. नेव्हिल क्रॅडॉक यांना निरोप, साडेदहा वाजता, चहाच्या खोलीत.

मी ते तीनदा वाचलं. मग लक्षात आलं. गुरुवार उलटला होता आणि नेव्हिलबद्दल कुणी काही ऐकलं नव्हतं. ऐकलं नाही म्हणजे मिळाली नाही, आणि करार तर संपतोच आहे. विभागप्रमुख रॉडरिक टॉलिस वाईट माणूस नाही, उलट कुणी चहा न पिता जाऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. मला वाटलं नेव्हिल आता तरी बोलेल. निदान रॉडच्या कानात.

मी गेले. खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचं ताट, सॉसेज रोल, टोमॅटो सॉसची बाटली, आणि बाहेर नोव्हेंबरचा, आमच्याकडच्या उन्हाळ्याच्या तोंडचा उकाडा असा की खिडक्यांच्या काचांना घाम. पंधरा-सोळा माणसं होती. निम्म्यांना त्याच्याशी काय बोलावं कळत नव्हतं, ती एकमेकांशी बोलत होती. नेव्हिल भिंतीला टेकून कप दोन्ही हातांत धरून उभा होता. रॉडनं भाषण केलं. नेव्हिल कसा शांत, कधी तक्रार नाही, बारा वर्षांत एक दिवस रजा नाही. सांगायला एखादा किस्सा त्यानं शोधला असणार, सापडला नाही. मग म्हणाला, "आता निदान घरच्यांना वेळ देता येईल तुला." लोक हसले, टाळ्या वाजवल्या.

नेव्हिलनं मान हलवली.

मला वाटलं संपलं. पण रॉडला अजून एक चांगली बातमी द्यायची होती. पट्ट्यांची काळजी करू नकोस, म्हणाला, सोमवारी आपली बोट जाते आहे, दोघं तंत्रज्ञ एका दिवसात सगळ्या काढून आणतील, तुला त्रास नको.

नेव्हिलचा चेहरा त्याच्या हातातल्या कपासारखा पांढरा झाला. अकरा वर्षं. सोमवार, आणि मंगळवारी सकाळी नऊ. त्यानं माझ्याकडे बघितलं, प्रथमच माझ्या खांद्याकडे नाही, डोळ्यांत. त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आणि मी काय केलं? मी लॅमिंग्टन उचलला. तोंडात काही असलं की बोलावं लागत नाही.

कुणीतरी म्हणालं, नेव्हिल, दोन शब्द. त्यानं घसा साफ केला.

"सगळ्यांचे आभार," तो म्हणाला. "लॅमिंग्टन छान आहेत."

पुन्हा टाळ्या. त्याला कार्ड दिलं, वर बोटीचं चित्र. तो ते वाचत उभा राहिला, इतका वेळ की देणारीला अवघडल्यासारखं झालं. मी नंतर बघितलं ते कार्ड. नऊ सह्या होत्या आणि नऊही ठिकाणी एकच मजकूर, शुभेच्छा.

मला राग आला. त्याचा आला, असा कसा माणूस, मिठाची गुळणी धरून स्वतःच्या निरोपाचा चहा पितो. रॉडचा आला. पण सगळ्यांत जास्त माझ्या त्या ठरलेल्या वाक्याचा. एकवीस वर्षं मी ते वाचत आले, कारण त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एकानं ठेवला.

रॉडला मी जिन्यात गाठलं.

"बोट सोमवारी नको पाठवूस. बुधवारी पाठव."

"का? ठरलंय सगळं."

"बुधवारी, रॉड."

"अगं पण का?"

"माझ्या वयाच्या बाईनं सांगितलं म्हणून."

मूर्ख नाही तो. त्यानं जिन्याचा कठडा धरला.

"मग तो बोलला का नाही? ग्लेनिस, मी भाषण केलं."

"बरं होतं भाषण," मी म्हणाले. नव्हतं.

अशी एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून बातमी फुटली. बोट गेली नाही. शनिवार-रविवार मी नातवंडांना घेऊन मॅग्नेटिक आयलंडला गेले. परतताना फेरीबोटीतून जुना धक्का दिसला. टोकाला कुणीतरी बसलं होतं. नेव्हिलच असेल असं नाही. पण मोजे गुडघ्यापर्यंत होते.

मंगळवारी मी लवकर आले. मला वाटलं, आज तो हसत येईल. नऊ वाजले, यादी जाहीर झाली, इंग्रिडच्या मजल्यावरून आरडाओरडा ऐकू आला. नऊ वाजून एक मिनिटानं माझ्या दारावर टकटक झाली. नेव्हिल. ते बोटीचं कार्ड हातात. हसत नव्हता.

"मला एक कबुली द्यायची आहे," तो म्हणाला. "अधिकृत."

मी म्हटलं, बस आधी. बसला नाही.

"मी नियम मोडला. चार वेळा. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी आणि काल. एकाच व्यक्तीला सांगितलं. त्याची नोंद करावी लागेल का?"

मी विचारलं कुणाला. चार्टर्स टॉवर्स गावच्या वृद्धाश्रमात त्याची आई आहे. सहा वर्षं झाली. दर रविवारी तो दीड तास गाडी चालवत जातो, दीड तास परत येतो आणि एरवी रोज पाच वाजता फोन करतो. तिथली नर्स तिच्या कानाला फोन धरते. गेली दोन वर्षं आपण कोणाशी बोलतोय हे तिला कळत नाही. रोज नवा कुणीतरी भला माणूस फोन करतो, एवढंच कळतं. सहा वर्षं. आणि दरवर्षी तो रकाना कोरा. मी त्याला गुडघ्यांची उदाहरणं देत होते.

"तिला पाच मिनिटांनी काही आठवत नाही," तो म्हणाला. "म्हटलं, याला बातमी फुटली असं म्हणत नसतील. पण मला नक्की माहीत नव्हतं. म्हणून रविवारी गेलो नाही. समोर बसल्यावर राहवलं नसतं, आणि खोलीत आणखी दोघी असतात. त्यांना आठवतं."

"मग काय म्हणाली ती?"

"आनंद झाला तिला. चारही वेळा, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा." तो कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "आणि चारही वेळा एकच म्हणाली. म्हणाली, बाळा, तुझ्या आईला कळवलंस का? आधी तिला कळव. वाट बघत असेल."

वरच्या मजल्यावर कुणीतरी बाटली उघडली, बूच उडाल्याचा आवाज आला. नेव्हिल अजून उभाच होता, नोंदीची वाट बघत.

"नोंद करायची गरज नाही," मी म्हणाले. "दार लाव आणि बस. आता मला सांग."

"तुला माहीत आहे. तूच तर सांगितलंस."

"तेव्हा मी ड्यूटीवर होते. आता नऊ वाजून गेलेत. सांग."

तो बसला. कार्ड मांडीवर ठेवलं, मोजे वर ओढले. मग माझ्या खांद्याकडे बघितलं.

"ग्लेनिस," तो म्हणाला, "मला फेलोशिप मिळाली."

"खरंच?" मी म्हणाले.

"खरंच," तो म्हणाला. मी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, आणि त्यानं पहिल्यापासून सांगायला घेतलं, पहिली पट्टी टांगली त्या दिवसापासून.